झरेबाबांचं माप

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि चांगलं समजावून सांगितलं होतं.

"हा आजार नुसता डोळ्यांचा नाही," त्या म्हणाल्या होत्या. "शरीराची राखण करणारी यंत्रणाच उलटली आहे. अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींना ती शत्रू समजून कुरतडते आहे. ऑटोइम्यून म्हणतात तो हाच प्रकार. थेंब घातलेत की डोळ्यांना बरं वाटेल. पण उतारवयात, वर्षानुवर्षं अशी चकमक चालू राहिली, की काही जणांच्या त्या ग्रंथीतच कॅन्सर उभा राहतो. सगळ्यांच्या नाही, बहुतेकांच्या नाहीच. पण इतरांपेक्षा धोका जास्त, हे खरं. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी सूज आली आणि काही आठवड्यांत उतरली नाही, तर वाट बघायची नाही. सरळ इकडे यायचं."

हे सगळं चाललं होतं तेव्हा सूनबाईची लेक छकुली टेबलाखाली शिरून डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीची चाकं फिरवत होती. सूनबाईचा एक कान डॉक्टरांकडे, एक डोळा टेबलाखाली. ज्यांचे डोळे तपासले त्या सासूबाई चष्मा पुसत बसलेल्या. सूनबाईने दोनदा "हो, हो" म्हटलं आणि विचारलं, "थेंब फ्रिजमध्ये ठेवायचे का?"

कॅन्सर हा शब्द तिने ऐकला नव्हता असं नाही. तो ऐकला आणि बाजूला सारला. डोळे कोरडे पडतात तर कॅन्सर कुठून येणार? डॉक्टर लोकांना घाबरवायची सवयच असते.

सासूबाई शिवणकाम करायच्या. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला कापडांचे तुकडे, दाराशी मापं द्यायला आलेल्या बायका. गावातल्या निम्म्या बायकांच्या दंडाचा आणि गळ्याचा घेर त्यांना तोंडपाठ. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं, सुईत दोरा ओवायला दोऱ्याचं टोक तोंडात धरलं तर जीभच कोरडी, ते ओलं होईना; तरी काम चालूच. शेजारी पाण्याची वाटी ठेवायच्या, त्यात दोरा बुडवायचा आणि ओवायचा. जेवताना प्रत्येक घासामागे एक घोट पाणी. "म्हातारपण आहे, दुसरं काय," असं म्हणून विषय संपवायचा.

मग एक दिवस डाव्या कानाखाली सूज आली. दुखत नव्हती, म्हणून कोणी मनावर घेतली नाही. कोणी म्हणजे घरातले सगळेच. सूनबाईला डॉक्टरीणबाई आठवल्या तेव्हा सुजेला चांगला महिना उलटून गेला होता, आणि सासूबाई तोवर झरेबाबांच्या झाल्या होत्या.

झरेबाबा बसायचे फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. जिन्यापासूनच चपलांचा खच. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, उशिरा आलेली भिंतीला पाठ लावून उभी. कोणाचे गुडघे, कोणाची बोटं वाकडी झालेली, कोणाच्या गालांवर लालसर चट्टे, आणि जवळजवळ सगळे साठीच्या पुढचे. ज्यांचा आजार एका गोळीत जात नाही, ज्यांना डॉक्टर "आयुष्यभर औषध घ्यावं लागेल" असं सांगतात, ती ही माणसं. बाबांनी गिऱ्हाईक बरोबर निवडलं होतं.

बाबांचा थाट साधा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात माळ नाही, कपाळावर काही नाही, हातात माइक.

"माणूस म्हणजे काय?" बाबा विचारायचे.

"पाणी!" हॉल गर्जायचा.

"आजार म्हणजे काय?"

"अडलेलं पाणी!"

"बरोब्बर! डॉक्टर काय म्हणतो? तुमचंच शरीर तुमच्यावर उलटलंय म्हणतो. अरे, आई कधी लेकराला चावते का? शरीर म्हणजे आई! ती रागावत नाही, ती रडते. आणि तुम्ही तिला रडू देत नाही! सूनबाई उलट बोलली, गिळलं. मुलाने फोन केला नाही, गिळलं. गेलं कुठे ते रडू? साचलं! कुणाच्या गुडघ्यात साचलं, कुणाच्या बोटात, कुणाच्या कानाखाली. ती गाठ नाही माउली, ती टाकी आहे. न रडलेल्या अश्रूंची टाकी!"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सूनबाई छकुलीला कडेवर घेऊन दाराशी उभी होती. सासूबाईंना आणायला ती आली होती आणि तिला वाटलं, पुढच्या रांगेत नक्कीच कोणीतरी हसेल. कोणी हसलं नाही. उलट दोन-चार सुनांकडे दोन-चार सासवांनी वळून पाहिलं.

"आणि टाकीला सुई लावायची नाही!" बाबांचा आवाज चढला. "सुई लावली की टाकी फुटते, पाणी अंगभर पसरतं, आणि मग डॉक्टर म्हणतो, कॅन्सर झाला. अरे, झाला नाही, तूच केलास!"

टाळ्या.

मग दिवे मंद झाले आणि बाबांच्या माणसांनी प्रत्येकाच्या हातात एकेक घडी घातलेला रुमाल दिला. डोळ्यांवर ठेवा, आणि जे आजवर रडला नाहीत ते रडा. हॉलभर हुंदके फुटले. सासूबाईंनी रुमाल काढला तेव्हा त्यांच्या गालावर खरंच दोन ओघळ होते. कित्येक वर्षांत, अगदी सासरे गेले तेव्हासुद्धा, त्यांच्या डोळ्यांतून असं पाणी आलं नव्हतं.

"आई, झोंबतंय!" छकुली किंचाळली. तिने कुणाचा तरी रुमाल ओढून नाकाला लावला होता. सूनबाईने तो हुंगला. सर्दीच्या मलमाचा वास! थंडगार, नाकात घुसणारा, डोळ्यांत पाणी आणणारा.

घरी आल्यावर तिने सासूबाईंसमोर मलमाची डबी उघडून धरली. "आई, हे बघा, वास घ्या. हाच रुमाल, हेच अश्रू."

सासूबाईंनी वास घेतला. नाकारलं काहीच नाही. शांतपणे म्हणाल्या, "असेल मलम. तुझ्या डॉक्टरीणबाईंच्या महागड्या थेंबांनी जे झालं नाही ते मलमाने झालं ना? मग भांडण कशाचं?"

"अहो, पण कानाखालची गाठ..."

"ती उतरतेय."

"कुठे उतरतेय? मला तर वाढलेली दिसतेय!"

"तुला दिसतं. बाबा मोजतात."

इथेच सगळं अडलं होतं. बाबा मोजत होते.

पद्धत अशी. आजाऱ्याला समोर ताठ बसवायचं. बाबा पितळेच्या डब्यातल्या रिळावरून पांढरा दोरा ओढायचे. एका कानाच्या पाळीपासून, सुजेवरून, हनुवटीखालून, दुसऱ्या कानाच्या पाळीपर्यंत तो धरायचा आणि बरोब्बर तिथे कापायचा. दोरा पाकिटात. पाकिटावर आजाऱ्याची सही, पाकीट बाबांच्या कपाटात. पुढच्या बैठकीला सगळ्यांसमोर पाकीट फोडायचं, तोच दोरा परत तसाच धरायचा, आणि काय नवल! दोरा उरायचा. चांगला बोटभर शेपटा कानाच्या मागे लोंबायचा. "बघा! एवढं पाणी उतरलं!" म्हणत बाबा तो शेपटा कचकन कापून टाकायचे आणि उरलेला दोरा परत पाकिटात. दर खेपेला दोरा आखूड होत जायचा. गाठ उतरल्याचा यापेक्षा धडधडीत पुरावा तो कोणता?

एक अट मात्र होती. दोऱ्याला बाबांखेरीज कोणाचा हात लागायचा नाही. लागला की माप बाटतं.

रुमालाचं सूनबाई दोन मिनिटांत ओळखू शकली. दोऱ्यापुढे मात्र तिचीही मती गुंग झाली. तिने स्वतःच्या डोळ्यांनी शेपटा पाहिला होता. पाकिटावरची सही सासूबाईंचीच होती. नवऱ्याला सांगावं तर तो दोन्ही दगडांवर पाय ठेवून.

"अगं, आईला बरं वाटतंय ना? राहू दे की थोडे दिवस."

"थोडे दिवस? डॉक्टर म्हणाल्या होत्या, थांबायचं नाही."

"तेव्हा तूच म्हणाली होतीस, उगाच घाबरवतात."

"म्हणाले होते! चुकलं! आता काय करू, तेच धरून बसू?"

"तसं नाही गं. पण माप म्हणजे माप. आणि तुला काय, छकुलीला शिंक आली तरी न्यूमोनिया दिसतो."

ते खरं होतं. छकुलीला शिंक आली की सूनबाई खरंच तिची छाती ऐकत बसायची. काळजी करणाऱ्या बाईचं हेच होतं. ती दहा वेळा उगाच घाबरते, मग अकराव्या वेळी खरं असलं तरी कोणी वळून बघत नाही. ती सासूबाईंच्या शेजारी बसून भाजी निवडताना तिरक्या नजरेने गाठीकडे बघायची. सासूबाईंच्या पोलक्याचे खांदे उतरायला लागले होते. स्वतःचेच कपडे त्या गुपचूप शिवण मारून आत घेत होत्या. ताटात भात उरायला लागला होता. कधी कणकण यायची. आणि विचारलं की ठरलेलं उत्तर, "काही नाही गं."

हॉलमध्ये पुढच्या रांगेत गणिताचे एक निवृत्त मास्तर बसायचे. संधिवाताने बोटं वाकलेली. अशा गोष्टींत मास्तर कायम आपल्या बाजूचा असतो, या भाबड्या समजुतीने सूनबाई त्यांच्याकडे गेली.

"मास्तर, तुम्हाला हे पटतं?"

"पोरी, मी आयुष्यभर गणित शिकवलं," मास्तर म्हणाले. "मी श्रद्धेवर जात नाही, मोजमापावर जातो. पहिला दोरा आणि आजचा दोरा, यात फरक आहे की नाही?"

"आहे."

"मग सिद्ध झालं. पुढे?"

सूनबाई परत फिरली. शिकलेला माणूस चुकीच्या गृहीतकावर बसला की त्याला उठवणं अडाण्याला उठवण्यापेक्षा अवघड. तो तिथे ठाण मांडून बसतो, वर सिद्धताही देतो.

आणि मग एका सकाळी शाळेची गाडी खाली हॉर्न वाजवत होती. छकुलीची एक वेणी झालेली, दुसरी सूनबाईच्या हातात, आणि रबर गायब. छकुलीने ते बाहुलीला दिलं होतं, बाहुली कुठे गेली ते तिला आठवत नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर सासूबाईंचा स्वेटर होता. कालच्या बैठकीहून आल्या तेव्हा काढून टाकलेला. त्याच्या खांद्याला पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा चिकटला होता. सूनबाईने घाईघाईत तो उचलला, वेणीच्या टोकाला गुंडाळला, एक वेढा, दुसरा वेढा, गाठ मारायला ओढला...

तो लांब झाला.

तिने सोडला. तो टपकन आखडून तिच्या बोटावर बसला.

खाली हॉर्न वाजतच होता. "आई, गाडी!" छकुली ओरडत होती. सूनबाई तो तुकडा ओढत होती आणि सोडत होती, ओढत होती आणि सोडत होती. मग तिने लेकीची वेणी तशीच सुटी ठेवून तिला खाली पिटाळलं आणि मशीनसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, हे बघा. हा तुमच्या बाबांचा दोरा. कापला तेव्हा तुमच्या स्वेटरवर पडलेला. हा ताणला जातो! इलॅस्टिक आहे हे!"

सासूबाईंनी मशीन थांबवलं. तुकडा हातात घेतला, एकदा ओढला, आणि परत दिला.

"हा चुण्यांचा दोरा आहे. लहान मुलींच्या फ्रॉकला छातीशी चुण्या घालतात, त्याला लावतात. माझ्या खणात याची तीन रिळं पडली आहेत. इथलाच चिकटला असेल."

"अहो, तुम्ही काल..."

"या खोलीत बसून बसून माझ्या अंगाला काय काय चिकटतं, तुला माहिती नाही. बाबांचा दोरा सुती आहे. त्यांनीच सांगितलंय."

"तुम्ही हात लावून बघितलात?"

"नाही."

"निदान डोळ्यांनी तरी? धरताना ते ओढतात की सैल सोडतात?"

सासूबाई जरा चिडून म्हणाल्या, "माप देताना कोणी खाली बघतं का?"

सूनबाई स्टुलावर बसली, आणि बसल्या बसल्या तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हजार वेळा ऐकलेलं वाक्य होतं ते. याच खोलीत, प्रत्येक गिऱ्हाइकाला सासूबाई दरडावायच्या: ताठ उभी राहा, समोर बघ, खाली बघू नकोस, मान वाकली की गळा चुकतो, आणि टेपला हात लावू नकोस. जन्मभर दुसऱ्यांना लावलेली शिस्त त्यांनी बाबांसमोर स्वतः पाळली होती. दुसऱ्या कोणी चोरून तरी खाली पाहिलं असतं. त्या बसल्या पाठ ताठ, नजर समोर, दोन्ही हात मांडीवर. बाबांना याहून चांगली आजारी बाई शोधून मिळाली नसती.

पुढच्या बैठकीला सूनबाई छकुलीला घेऊन गेली. खांद्याला छकुलीची पिशवी, पिशवीत पाण्याची स्टीलची बाटली. नवऱ्याला तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो "अगं, चार लोकांत..." म्हणाला असता.

सासूबाईंची पाळी आली. त्या उठल्या, खुर्चीवर जाऊन ताठ बसल्या. पाकीट फुटलं. बाबांनी दोरा चिमटीत धरून हॉलला दाखवला.

"बघा, हाच दोरा, हीच सही! शुद्ध सूत! मागच्या वेळी पाणी किती उतरलं होतं?"

"बोटभर!"

बाबांनी एक टोक उजव्या कानाला लावलं. दुसरं टोक ते हनुवटीखालून नेणार, एवढ्यात सूनबाई पुढे झाली आणि तिने ते टोक पकडलं.

"ओ बाई! हात लावू नका!"

टोक धरून ती नुसती मागे सरकली. एक पाऊल, दोन पावलं. दोरा तिच्यामागे आला. बाबांच्या चिमटीतून सुटला नाही, तुटलाही नाही. लांब, बारीक, थरथरत मधल्या वाटेवर आला. हॉलमध्ये कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. मग तिने सोडला.

तो सपकन बाबांच्या अंगठ्यावर बसला. "आई गं!" बाबा माइकमध्येच ओरडले.

पहिली हसली ती छकुली. तिच्या हसण्याने मागच्या भिंतीपाशी दोघं-तिघं हसली.

"थांबा, थांबा," सूनबाई म्हणाली. तिने पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली, पितळेच्या डब्यातल्या रिळावरून दोरा ओढला आणि बाटलीभोवती सैल गुंडाळला. जिथे टोक टेकलं तिथे बाबांच्याच कात्रीने कापला. "हे बाटलीचं आजचं माप. बरोबर? मास्तर, तुम्ही पुढे बसलात, बघा. दोन्ही टोकं एकमेकांना टेकतात. आता समजा, आठवडा झाला. बाटलीने भरपूर रडून घेतलं." तिने तोच दोरा परत गुंडाळला, या वेळी किंचित ओढून. बोटभर शेपटा उरला. "घ्या! बाटलीला आराम पडला. अजून दोन बैठकांत तिचा चमचा होईल."

आता मात्र हॉल हसला. मास्तर उठले. वाकड्या बोटांनी त्यांनी तो दोरा घेतला, आपल्या मनगटाभोवती सैल धरून पाहिला, ओढून पाहिला, परत सैल धरून पाहिला. चष्मा काढला. आणि खाली बसले.

वाचणाऱ्याला वाटेल, आता लोक बाबांवर धावून गेले असतील. तसं होत नाही. तसं झालं असतं तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

बाबांनी अंगठा चोखला, माइक सावरला आणि मंद हसले. "ताई रागावल्या आहेत. रागावू द्या, त्यांच्याही आत साचलंय. अहो, दोरा ताणला जातोच! मी कधी नाही म्हटलं? तुमचा आजार तो ओढून घेतो. ओढायचं म्हणजे ताण येणारच ना?"

आणि पुढच्या दोन रांगांतल्या माना डोलल्या! काही क्षणांपूर्वी "शुद्ध सूत" ऐकलेल्या माना! एक बाई तर सूनबाईला कोपराने ढोसत म्हणाली, "तुझं झालं असेल तर सरक बाजूला. माझी पाळी आहे."

"अहो काकू, तुम्ही आत्ता बघितलंत ना?"

"बघितलं. पण मला फरक आहे."

"कशात फरक आहे?"

"तुला नाही कळायचं. तुला कुठे काय झालंय?"

सूनबाईला वाटलं, भिंतीवर डोकं आपटावं. मलम दाखवलं, दोरा दाखवला, बाटली बरी करून दाखवली. आता आणखी काय दाखवायचं?

खुर्चीवरून सासूबाई उठल्या. त्यांनी टेबलावरचं रीळ उचललं, आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मापाच्या दोऱ्याला हात लावला. दोन बोटांत धरून ओढला, कानाशी नेऊन टणकारला, आणि रीळ खाली ठेवलं.

"चल," त्या सुनेला म्हणाल्या.

जिन्यात त्या चपला शोधू लागल्या. "बाई माणूस मापं घेऊन म्हातारी झाली," त्या कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणाल्या, "आणि स्वतःचं माप देताना खाली बघितलं नाही."

"आई, आता त्याचं काही नको. उद्या सकाळी जायचं, एवढंच."

"सुई लावतील?"

"लावतील."

"पसरेल?"

"ते आपण डॉक्टरांनाच विचारू."

विचारलं. डॉक्टरीणबाईंनी ज्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं तिथले डॉक्टर तरुण होते आणि घाईत होते, पण या प्रश्नाला ते थांबले. "आजी, सुईने पसरत नाही. ही तपासणी आम्ही रोज करतो. गाठ पसरते ती तपासायला उशीर केल्याने."

"आणि ते अश्रू साठतात म्हणतात ते..."

"अश्रू?" डॉक्टरांनी सासूबाईंच्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला बोट लावलं. "अश्रूंची ग्रंथी इथे असते, डोळ्याच्या वर. कानाखाली आहे ती लाळेची. कोणी सांगितलं तुम्हाला तिथे अश्रू असतात?"

टाकीचा पत्तासुद्धा खोटा होता. शाळेतल्या पुस्तकातलं चित्र काढून बघितलं असतं तरी कळलं असतं, आणि सबंध हॉलमध्ये एकालाही ते बघावंसं वाटलं नव्हतं. सूनबाईलासुद्धा नाही.

बायोप्सीत लिम्फोमा निघाला. लाळेच्या त्या ग्रंथीतला, सावकाश वाढणारा कॅन्सर. मानेतल्या शेजारच्या गाठींपर्यंत पोचलेला, त्यापुढे नाही. "लवकर आला असतात तर एकाच जागी सापडला असता," डॉक्टर म्हणाले, "पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. उपचार आहेत." सासूबाईंनी मान हलवली आणि विचारलं, उपचार चालू असताना मशीनवर बसता येईल का. येईल, जमेल तेवढं, असं उत्तर मिळालं. नवरा बाहेरच्या बाकावर दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. सूनबाईला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण तिला ते जमलं नाही. ती त्याच्या शेजारी बसली.

उपचार चालू आहेत. सूज उतरली आहे. ती कोणी दोऱ्याने मोजलेली नाही. उतरलेली तपासणीच्या फोटोत दिसते, आणि डॉक्टर बोटांनी चाचपून बघतात. पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही, आणि सूनबाईला आता छातीठोक सांगणाऱ्या माणसाचीच भीती वाटते. फर्निचरच्या दुकानावरचा हॉल रिकामा झाला. तक्रार झाली, चार दिवस चर्चा झाली, आणि बाबा दुसऱ्या गावी गेले. तिथे म्हणे आता दोरा नाही. आता पाण्याचा ग्लास आहे.

म्हणजे हॉल नवा, खुर्च्या नव्या, आणि त्यांवर बसणारी माणसं तीच. वर्षानुवर्षं दुखणारी, औषधांना कंटाळलेली, आपलंच शरीर आपल्यावर उलटलं हे ऐकून हादरलेली. त्यांना मूर्ख म्हणून काय होणार? ती दमलेली आहेत. त्यांना कोणीतरी "उतरतंय" असं म्हणायला हवं असतं, आणि खरं बोलणारा डॉक्टर ते इतक्या सहज म्हणत नाही. पण जो माणूस तपासू देत नाही, हात लावू देत नाही, दुसऱ्याला विचारू देत नाही, तो काहीतरी लपवतो आहे, एवढं तरी आपण धरून चालावं. खऱ्या उपायाला तपासणीची भीती नसते.

आणि एक काम करा, सूनबाईचं हात जोडून एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात, नाहीतर शेजारी, अशी एखादी आजी, मावशी, काकू असेल. सांधे दुखतात म्हणून, डोळे कोरडे पडतात म्हणून, अंगावर चट्टे येतात म्हणून वर्षानुवर्षं औषध घेणारी. लगेच कॅन्सर शोधत बसू नका. बहुतेकांना तो होत नाही. पण आज त्यांच्याकडे जा. शेजारी बसा. विचारा, कपडे सैल झालेत का, जेवण जातं का, अंगात कणकण असते का, कुठे न दुखणारी सूज आहे का, आणि शेवटचं डॉक्टरांकडे कधी गेला होतात.

"काही नाही गं," असं उत्तर येईल. तरी उठू नका. कानाखाली हात लावून बघा.